रिकाम्या खुर्चीचा न्याय

महाराष्ट्रातील २९ महानगरपालिकांसाठी १५ जानेवारी २०२६ रोजी मतदान झाले, दुसऱ्या दिवशी मतमोजणी झाली, गुलाल उधळला गेला, हारतुरे झाले आणि नवे नगरसेवक निवडून आले. अभिनंदनाचे फलक चौकाचौकांत लागले. या जल्लोषात कायद्यातील एका लहानशा कलमाची आठवण कोणी कोणास करून दिली असेल असे आम्हांस वाटत नाही. तो अप्रिय उद्योग वृत्तपत्रानेच करावयाचा असतो. म्हणून तो आम्ही आज करीत आहोत.

महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ याच्या अकराव्या कलमाचा आशय असा: तात्पुरते आजारपण किंवा महापालिकेने मान्य केलेले अन्य कारण नसताना जो नगरसेवक लागोपाठ तीन महिने महापालिकेच्या सभांना गैरहजर राहील, त्याचे पद संपुष्टात येईल. आणि जो लागोपाठ सहा महिने सभांना येणार नाही, किंवा येऊ शकणार नाही, त्याचेही पद जाईल. मग कारण कोणतेही असो आणि महापालिकेने ते मान्य केलेले असो वा नसो. मुंबईच्या १८८८ च्या अधिनियमातही याच अर्थाची तरतूद आहे. खेड्यांच्या कारभारासाठी केलेल्या १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमाच्या चाळिसाव्या कलमाने पंचायतीच्या रजेवाचून सहा महिने सभा चुकविणाऱ्या सदस्याची तीच गत सांगितली आहे.

या शब्दांतील कठोरपणा लक्षात घेण्याजोगा आहे. संसदेचा सभासद सभागृहाच्या परवानगीवाचून साठ दिवस सर्व बैठकींना गैरहजर राहिला, तर सभागृह त्याची जागा रिक्त झाल्याचे घोषित करू शकेल, असे घटनेचे १०१ वे कलम म्हणते. विधिमंडळाच्या सभासदांबाबत १९० वे कलम तेच सांगते. तेथे सभागृहाच्या मर्जीला वाव आहे. नगरसेवकाच्या बाबतीत कायदा मर्जीची भाषा बोलत नाही. मुदत भरली की पद गेले, एवढेच तो म्हणतो. दिल्लीच्या खासदारापेक्षा गल्लीच्या नगरसेवकावर कायद्याने अधिक कडक पहारा बसविला आहे, आणि तो योग्यच आहे. परराष्ट्रधोरणावरील एखादे भाषण हुकले तर कोणाच्या घरचा नळ कोरडा पडत नाही. जलवाहिनीचा, सांडपाण्याचा, रस्त्याचा किंवा शाळेच्या दुरुस्तीचा विषय सभेपुढे आला असता त्या वस्तीचा माणूस जागेवर नसेल, तर त्याची शिक्षा वस्तीला त्याच वर्षी भोगावी लागते.

या कलमाविरुद्ध नगरसेवकांच्या गोटातून एक युक्तिवाद नेहमी ऐकू येतो. नगरसेवकाचे खरे काम प्रभागात असते, असे ही मंडळी म्हणतात. पहाटे पाण्याचा टँकर पाठविणे, मध्यरात्री रुग्णालयात खाट मिळवून देणे, तुंबलेले गटार माणसे उभी करून साफ करून घेणे, ही कामे करणारा माणूस मुख्य सभेत चार तास बसून काय साधणार? या युक्तिवादात सत्याचा अंश आहे, आणि अशी कामे करणाऱ्यांविषयी आम्हांस आदरच आहे. तथापि टँकर पाठविणे हे उपकाराचे काम आहे. टँकर पाठवावा लागू नये अशी व्यवस्था करणे हे अधिकाराचे काम आहे. हा अधिकार नगरसेवकाला चौकातील संपर्क कार्यालयात मिळत नाही. कराचा दर, अंदाजपत्रक, विकास आराखडा, शहराची मोठी कामे या सर्वांवर त्याचे मत मोजले जाते ते सभागृहात, आणि तेही तो तेथे उपस्थित असेल तरच. ज्याने सभागृह सोडले त्याने अधिकार सोडला आणि केवळ उपकार हाती ठेवला. असा नगरसेवक लोकप्रिय होईल, कदाचित पुन्हा निवडूनही येईल. परंतु त्याच्या मतदारांना हक्काने मिळावयाचे ते पाणी जन्मभर त्याच्या कृपेनेच मिळत राहील.

एकटा माणूस सभागृहात बसून काय करू शकतो, याचे उत्तर पुणे शहराच्या इतिहासात आहे. महात्मा जोतीराव फुले १८७६ पासून काही वर्षे पुणे नगरपालिकेचे सभासद होते. ते सरकारनियुक्त सभासद होते. सरकारची मर्जी सांभाळून गप्प बसणे किंवा घरी राहणे त्यांना सहज शक्य होते. व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांच्या पुणे भेटीनिमित्त एक हजार रुपये खर्च करण्याचा प्रस्ताव नगरपालिकेपुढे आला, तेव्हा हा पैसा गोरगरिबांच्या शिक्षणाकडे लावावा असे म्हणून प्रस्तावाविरुद्ध मत देणारे फुले एकटे होते. ठराव अर्थातच संमत झाला. पुढे मंडईच्या खर्चिक इमारतीलाही त्यांनी विरोध केला. तोही विरोध मानला गेला नाही, मंडई उभी राहिली, आणि काळाचा न्याय असा की, तीच मंडई आज त्यांचे नाव मिरवीत आहे. ज्या बहुमताने त्यांना हरविले त्यातील नावे आज पुण्यात किती जणांना सांगता येतील? विरोधी मताला इतके आयुष्य लाभले, कारण ते देणारा माणूस त्या दिवशी आपल्या जागेवर बसलेला होता. फुले त्या दिवशी सभेला गेले नसते, तर तोच ठराव एकमताने संमत झाला असता आणि पुण्याच्या इतिहासातील एक उजळ पान कोरे राहिले असते.

आता प्रश्न उरतो तो असा की, इतके स्पष्ट कलम कायद्यात असताना प्रत्यक्षात पदे जातात तरी किती? क्वचित केव्हातरी एखादी बातमी येते, तिची चर्चा होते, आणि सारे पुन्हा शांत होते. नगरसेवक नियमाने सभांना येतात म्हणून हे होत असते, तर आम्हांस आनंदच झाला असता. परंतु मुख्य सभेच्या प्रेक्षागृहात ज्याने दोन-चार वेळा बसून पाहिले आहे, त्यास निराळेच काही दिसलेले असते. सभेच्या आरंभी सह्या होतात, नमस्कार-चमत्कार होतात, आणि विषयपत्रिका अर्ध्यावर येते न येते तोच बाकांच्या रांगा विरळ होऊ लागतात. मग कोणीतरी गणसंख्येचा प्रश्न काढतो, घंटा वाजते, बाहेर गेलेल्यांना बोलावणी जातात, आणि सभा तहकूब होते. आम्ही या व्यवसायात येण्यापूर्वी काही वर्षे शाळेत शिकविले आहे. हजेरी होताच मागच्या दाराने निघून जाणारे विद्यार्थी आम्हांस ठाऊक आहेत. फरक एवढाच की, त्या मुलांना आपण काही चुकीचे करीत आहो याची जाणीव असे.

कायद्याचे कलम येथे कसे निष्प्रभ होते ते पाहण्यासारखे आहे. महापालिकेची मुख्य सभा दर महिन्याला किमान एकदा भरावी लागते. तीन महिन्यांत एका सभेच्या हजेरीपटावर एक सही झाली की गैरहजेरीची साखळी तुटते आणि मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. सही करून पाच मिनिटांत निघून गेलेला नगरसेवक आणि पाच तास बसून अंदाजपत्रकाचे पान न् पान तपासणारा नगरसेवक हे दोघेही या कलमाच्या दृष्टीने सारखेच हजर असतात. शिवाय तीन महिन्यांच्या गैरहजेरीला मान्यता देण्याचा अधिकार महापालिकेकडेच, म्हणजे व्यवहारात सभागृहातील बहुमताकडेच आहे. बहुमताने आपल्या पक्षाच्या माणसाचे कारण नाकारल्याचे आणि विरोधकाचे कारण सढळ हाताने मान्य केल्याचे कोणी पाहिले असल्यास आम्हांस जरूर कळवावे. आपला तो बाब्या हा न्याय घरोघरी चालतो. तो महापालिकेच्या सभागृहात चालू नये एवढीच आमची अपेक्षा आहे.

याहून मोठी उणीव आणखी एक आहे. एखाद्या नगरसेवकाचे पद या कलमान्वये गेले की नाही, याविषयी वाद उद्भवल्यास तो न्यायाधीशांपुढे नेण्याची वाट कायद्याने ठेवलेली आहे. पण ती वाट कोणासाठी? स्वतः त्या नगरसेवकासाठी, दुसऱ्या एखाद्या नगरसेवकासाठी, आणि महापालिकेने तशी विनंती केल्यास आयुक्तांसाठी. ज्याने रांगेत उभे राहून मत दिले आणि ज्याची खुर्ची रिकामी राहिली, त्या मतदाराचे नाव या यादीत नाही. परिणामी हे कलम मतदाराच्या हिताचे रक्षण करण्याऐवजी राजकीय प्रतिस्पर्ध्याच्या हाती ठेवलेला दांडा होऊन बसते. हिशेब चुकता करावयाचा असेल तेव्हा तो कपाटातून निघतो. एरवी धूळ खात पडतो.

त्यात मुंबई वगळता राज्यातील इतर महानगरपालिकांत बहुसदस्यीय प्रभागांची पद्धत आहे. पुण्यात १६५ नगरसेवक निवडून आले ते ४१ प्रभागांतून. बहुतेक प्रभाग चार जणांचे. सोय मोठी झाली आहे, पण ती कोणाची? गटार तुंबल्याची तक्रार घेऊन नागरिक पहिल्याकडे गेला तर तो दुसऱ्याकडे बोट दाखवितो, दुसरा तिसऱ्याकडे, आणि चौथा सापडतच नाही. सभेतील गैरहजेरीचेही तेच होते. एकसदस्यीय प्रभागाची खुर्ची रिकामी असेल तर ती साऱ्या वस्तीला बोचते. चारांतील एक खुर्ची रिकामी असेल तर उरलेल्या तिघांच्या सावलीत ती झाकून जाते. चौघांचे काम ते कोणाचेच नसते, हा अनुभव आपल्या समाजाला नवा नाही. प्रभाग जितका मोठा आणि जबाबदारी जितकी वाटलेली, तितके गैरहजेरीचे कलम दुबळे होत जाते.

एवढे सांगितल्यावर या कलमातील एक अन्यायही सांगितला पाहिजे. तसे न करणे अप्रामाणिकपणाचे होईल. सहा महिन्यांची मर्यादा ‘कारण कोणतेही असो’ अशी आहे. १९४९ साली हे शब्द लिहिले गेले, तेव्हा सभागृहांत स्त्रिया हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या होत्या. आज महाराष्ट्रातील स्थानिक संस्थांत निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव आहेत, आणि तरुण स्त्रिया निवडून येत आहेत. नोकरी करणाऱ्या स्त्रीला बाळंतपणासाठी २६ आठवड्यांची रजा देणारा कायदा संसदेने २०१७ मध्ये केला. सव्वीस आठवडे म्हणजे सहा महिनेच. कारखान्यातील किंवा कचेरीतील स्त्रीला जी रजा हक्काने मिळते, तेवढे दिवस नगरसेविका गैरहजर राहिली तर तिचे पद धोक्यात यावे, हे कोणत्याही न्यायबुद्धीला पटणारे नाही. प्रसूती आणि गंभीर आजार यांच्यासाठी ठराविक मुदतीचा अपवाद कायद्यात लिहिला गेला पाहिजे. तो बहुमताच्या कृपेवर सोडू नये. वैद्यकीय दाखला आणि इतिवृत्तात स्पष्ट नोंद, एवढ्यावर तो मिळावा. मात्र पदावर पत्नी आणि कारभार पतीकडे, हा जो प्रकार अनेक गावांत व काही शहरांतही रूढ झाला आहे, त्याला या अपवादाची ढाल मिळता कामा नये. निवडून आलेल्या स्त्रीने स्वतः खुर्चीवर बसावे, स्वतः बोलावे, हाच तर आरक्षणाचा हेतू होता.

येथवर आम्ही नगरसेवकांच्या गैरहजेरीविषयी लिहिले. परंतु ज्या खुर्च्यांविषयी आपण बोलत आहो त्या गेली काही वर्षे रिकाम्याच होत्या, आणि त्या कोणी रिकाम्या ठेवल्या होत्या, हे विसरून हा विषय संपविता येणार नाही.

मुंबई महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली. पुणे आणि नागपूर यांचीही त्याच महिन्यात. छत्रपती संभाजीनगर, नवी मुंबई, कोल्हापूर, कल्याण-डोंबिवली, वसई-विरार या महापालिकांच्या मुदती तर २०२० सालीच संपल्या होत्या. या सर्व ठिकाणी जानेवारी २०२६ पर्यंत एकही निवडून आलेला नगरसेवक नव्हता. मुंबई-पुण्याच्या बाबतीत ही गैरहजेरी सुमारे तीन वर्षे दहा महिन्यांची भरते. २०२० साली मुदत संपलेल्या शहरांच्या बाबतीत ती पाच वर्षांच्याही पुढे गेली, म्हणजे नगरसेवकांची एक अख्खी कारकीर्दच तेथे रिकामी गेली. १ जून १९९३ रोजी अमलात आलेल्या ७४ व्या घटनादुरुस्तीने नगरपालिकांची मुदत पाच वर्षांची ठरविली आणि ती संपण्यापूर्वी निवडणूक पुरी झाली पाहिजे असे घटनेच्या २४३-यू कलमात लिहून ठेवले. नगरपालिका विसर्जित झाली तरी सहा महिन्यांच्या आत निवडणूक झाली पाहिजे, असेही तेथेच म्हटले आहे. घटनाकारांच्या वारसांनी नगरसेवकाला आणि राज्याला घालून दिलेली मर्यादा एकच आहे: सहा महिने.

नगरसेवकाने ती ओलांडली तर ‘कारण कोणतेही असो’, पद जाते. राज्याने ती कित्येक पटींनी ओलांडली, तेव्हा मात्र प्रत्येक कारण मान्य झाले. आधी महामारीचे कारण होते, मग इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाचा वाद आला, मग प्रभागरचनेत फेरबदल झाले, त्यांवर अध्यादेश निघाले, त्यांवर खटले उभे राहिले. यातील काही कारणे खरी होती हे आम्ही नाकारीत नाही. आरक्षणाचा प्रश्न लक्षावधी लोकांच्या न्याय्य वाट्याचा होता आणि न्यायालयापुढील खटला कोणाच्या हुकमाने संपत नसतो. पण खरे कारण आणि पुरेसे कारण यांत भेद आहे, आणि अकरावे कलम नगरसेवकाला नेमका हाच भेद शिकविते. सर्वोच्च न्यायालयाने ६ मे २०२५ रोजी चार महिन्यांत निवडणुका घेण्यास सांगितले. तेही त्या मुदतीत झाले नाही, आणि पुढे ३१ जानेवारी २०२६ ही अखेरची तारीख द्यावी लागली. विद्यार्थ्याने वर्षभर शाळा चुकवावी, आणि मुख्याध्यापकांनी दटावल्यावरही आणखी काही दिवसांची सवलत मागून घ्यावी, तसा हा प्रकार झाला.

या काळात शहरे थांबली नाहीत; कारभार चालूच होता. प्रशासकच महापालिका होते, प्रशासकच स्थायी समिती होते. मुंबईचे २०२५-२६ चे अंदाजपत्रक ७४ हजार ४२७ कोटी रुपयांचे होते. पुण्याचे १२ हजार ६१८ कोटींचे. ही अंदाजपत्रके ज्यांनी मांडली त्यांनीच ती संमत केली. त्या अधिकाऱ्यांच्या सचोटीविषयी किंवा कर्तबगारीविषयी आम्हांस काही म्हणावयाचे नाही. त्यांतील काहींनी कामे चोख केली असतील. परंतु ज्या हाताने पैसा मागितला त्याच हाताने तो मंजूर केला, आणि समोर बसून ‘हा खर्च कशासाठी’ असे विचारणारा एकही माणूस नव्हता. एक हजार रुपयांच्या खर्चावर उभे राहून ‘नाही’ म्हणणाऱ्या सभासदाची आठवण ज्या शहराला आहे, त्या शहरात बारा हजार कोटींवर ‘नाही’ म्हणावयास खुर्चीवर कोणीच नसावे, यापरती शोकान्तिका कोणती?

यात आम्हांस सर्वांत अधिक बोचते ते नागरिकांचे मौन. नगरसेवक सभेला येत नाही, म्हणून आपण नाके मुरडतो. नगरसेवकच नाही, याची मात्र आपणांस हळूहळू सवय झाली. सुशिक्षित वर्गातील कित्येकांनी तर खासगीत समाधानही व्यक्त केले की, बरे झाले, कटकट गेली, आता कामे होतील. ही वृत्ती आम्हांस गैरहजर नगरसेवकापेक्षा अधिक चिंताजनक वाटते. वाईट प्रतिनिधी हाकलण्याचा उपाय मतदाराच्या हाती असतो; प्रतिनिधीच नको असे म्हणणारा मतदार आपला उपाय स्वतःच्या हाताने टाकून देत असतो. आणि ज्या सभागृहाच्या रिकामेपणाची शहराला खंत नाही, त्या सभागृहात नेमाने येऊन बसावे असे नगरसेवकाला तरी का वाटावे?

म्हणून नव्या सभागृहांनी पहिल्या वर्षातच काही गोष्टी कराव्यात, असे आमचे आग्रहाचे सांगणे आहे. प्रत्येक सभेची हजेरी आरंभी आणि अखेरीस अशी दोनदा नोंदली जावी, आणि ती दर महिन्याला प्रत्येक क्षेत्रीय कार्यालयाच्या फलकावर नावानिशी लागावी. लागोपाठ दोन महिने गैरहजर राहणाऱ्याची नोंद नगरसचिवांनी आपण होऊन सभागृहापुढे ठेवावी. कोणा प्रतिस्पर्ध्याला जाग येण्याची वाट पाहू नये. गैरहजेरीचे कारण मान्य करावयाचे तर ते कारण आणि त्यावरील मतदान इतिवृत्तात यावे. एवढ्यासाठी नवा कायदा लागत नाही. इच्छा असली म्हणजे पुरे. पदाबाबतचा वाद न्यायाधीशांपुढे नेण्याचा अधिकार त्या प्रभागातील मतदारांनाही द्यावा, आणि प्रसूती व गंभीर आजार यांचा अपवाद स्पष्ट लिहावा, ही दोन कामे विधिमंडळाची आहेत. क्षेत्रसभेची तरतूद २००९ मध्ये कायद्यात आली आणि बव्हंशी कागदावरच राहिली. ती जिवंत झाली, तर नगरसेवकाला वर्षातून काही वेळा आपल्या मतदारांपुढे उभे राहून हजेरीचा जाब द्यावा लागेल.

आणि राज्य सरकारला आमचे सांगणे एवढेच की, जे कलम नगरसेवकाला लागू आहे त्याचे तत्त्व त्याने स्वतःलाही लावून घ्यावे. या सभागृहांची मुदत २०३१ च्या आरंभी संपेल. ती तारीख अचानक उगवणारी नाही. आजच भिंतीवर लिहून ठेवता येईल अशी आहे. प्रभागरचना, मतदारयाद्या, आरक्षणाची सोडत ही सारी कामे त्यापूर्वी एक वर्ष उरकली गेली पाहिजेत. त्या दिवशी पुन्हा एकदा प्रशासकाच्या नेमणुकीचा आदेश निघाला, तर कायद्यातील तीन महिन्यांचे कलम नगरसेवकांना वाचून दाखविण्याचा नैतिक अधिकार कोणत्याही सरकारला उरणार नाही.

नव्या नगरसेवकांना आमच्या शुभेच्छा आहेतच. त्यांतील अनेक जण प्रथमच सभागृहात जात आहेत, आणि त्यांच्या हातून चांगली कामे होतील अशी आशा बाळगावयास जागा आहे. त्यांनी भाषणे गाजवावीत किंवा रोज वृत्तपत्रांत यावे, अशी आमची अपेक्षा नाही. विषयपत्रिका वाचून त्यांनी सभेला यावे आणि सभा संपेपर्यंत आपल्या जागेवर बसावे. ज्या खुर्चीवर ते बसणार आहेत ती त्यांच्या पक्षाने दिलेली नाही आणि त्यांनी विकत घेतलेलीही नाही. ती त्यांच्या प्रभागातील माणसांची आहे, आणि ही माणसे तिच्यासाठी चार-पाच वर्षे थांबलेली आहेत.